भाषांतर सोड, असं त्याला सांगू का?

*ताई,*

*मी मूळची सांगलीची. अकरा वर्षं झाली, स्पेनमध्ये सारागोसाला राहते आणि एका मालवाहतूक कंपनीत नोकरी करते. नवरा इथलाच. तो कादंबरीकार आहे आणि घर चालावं म्हणून इंग्रजी कादंबऱ्यांची स्पॅनिशमध्ये भाषांतरं करतो. आमचं लग्न झालं तेव्हा तो वर्षाला दोन पुस्तकं करायचा आणि शिवाय स्वतःचं लिहायचा. त्याची पहिली कादंबरी तेव्हाच आली. दुसरी 2020 च्या मार्चमध्ये आली. आठवड्याभरात लॉकडाउन लागला, दुकानं बंद झाली आणि पुस्तकांचे गठ्ठे न उघडताच परत गेले. 2021 मध्ये आम्ही फ्लॅट घेतला. तेव्हापासून तो वर्षाला चार-चार भाषांतरं घेतो आणि तिसरी कादंबरी साठ पानांवर अडली आहे.*

*मध्यंतरी त्याने मला नवं प्रकरण वाचायला दिलं. तो तेव्हा ज्या अमेरिकन लेखकाचं भाषांतर करत होता त्याचाच सूर मला त्यात ऐकू आला, आणि मी तसं सांगितलं. गेल्या महिन्यात जेवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "लोकांची पोरं न्हाऊमाखू घालतोस, आपलं पोर उपाशी." त्यानंतर त्याने घरात कादंबरीचा विषय काढलेला नाही.*

*माझा पगार बरा आहे. वर्षभर भाषांतर बंद ठेव, घर मी चालवते, असं त्याला सांगू का? आता एका सहाशे पानी इंग्रजी कादंबरीचा करार यायचा आहे, म्हणून घाईने विचारते. सांगलीहून आई दर फोनला विचारते, "जावईबापू स्वतःचं काही लिहितात, की अजून दुसऱ्यांचंच?" तिला काय सांगावं तेही कळत नाही. कृपया नाव छापू नका.*

---

वर्षभर भाषांतर बंद ठेव, असं त्याला सांगू नकोस. तुझा हेतू चांगला आहे, पण त्या वर्षाचं ओझं त्यालाच होईल. का ते पुढे सांगते.

त्याआधी तुझ्याच पत्रातली एक गोष्ट तुला दाखवते. त्याच्या दोन्ही कादंबऱ्या तो भाषांतरं करत होता त्याच वर्षांत लिहून झाल्या, असं तूच लिहिलं आहेस. मग तिसरी अडली तिचा दोष भाषांतराच्या माथी कसा मारायचा? काम तेच आहे, टेबल तेच आहे, माणूस तोच आहे. बदललं ते दोन वर्षांत बदललं. 2020 मध्ये त्याचं पुस्तक एकाही वाचकाच्या हाती न पडता परत आलं आणि 2021 मध्ये डोक्यावर कर्ज आलं. तू ही दोन्ही वाक्यं ओघात लिहून गेलीस, पण माझ्या मते सगळा प्रश्न त्या दोन वाक्यांत आहे. पडलेल्या पुस्तकावर निदान चार टीका होतात, कुणीतरी वाईट बोलतं. न उघडलेल्या गठ्ठ्यांबद्दल लेखकाने कुणाशी काय बोलायचं? अशा वेळी पुढचं पुस्तक लिहिण्यापेक्षा दुसऱ्याचं पुस्तक हातात घेणं सोपं वाटतं, कारण ते छापलं जाणार हे ठरलेलं असतं. त्याला पैसे हवे होते आणि आडोसाही हवा होता. चार भाषांतरांत दोन्ही मिळालं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की भाषांतर राहू दे, चाराची दोन कर. पण ते त्याच्या गळी उतरायचं तर हे काम आतून काय असतं ते तुला नीट ठाऊक हवं. मी आयुष्यभर इंग्रजीतून मराठीत कथा-कादंबऱ्या आणत आले. स्पॅनिशची गोष्ट आपल्यापेक्षा फार वेगळी नाही.

इंग्रजी कादंबरीतलं अगदी साधं वाक्य घे. एक माणूस नदीकाठाने चालला, एवढंच. इंग्रजीत भूतकाळाचं एकच सरळ रूप लिहून लेखक मोकळा होतो. स्पॅनिशमध्ये तुझ्या नवऱ्याला तिथे थांबावं लागतं. तो चालला आणि ते तिथे संपलं, की तो चालत होता आणि तेवढ्यात काही घडणार आहे, की तो रोज तिथून चालायचा? आपल्याकडेही 'चालला', 'चालत होता', 'चालायचा' हे तिन्ही वेगळे, म्हणून तुला हे लगेच कळेल. मूळ लेखकाने न ठरवलेली गोष्ट भाषांतरकाराला ठरवावी लागते, आणि तीही प्रत्येक क्रियापदाला. मग संवाद येतात. इंग्रजीत सगळ्यांना एकच संबोधन. स्पॅनिशमध्ये 'तू' म्हणायचं की 'उस्तेद', म्हणजे आपलं 'तुम्ही', हे त्याने ठरवायचं. एक पोलीस अधिकारी आणि एक विधवा पुस्तकभर एकमेकांशी बोलतात. दोनशेव्या पानावर त्यांच्यात काहीतरी बदलतं. ती त्याला 'अहो'वरून 'अरे'वर कोणत्या वाक्याला आणते? मूळ पुस्तकात ते वाक्यच नाही. ते तुझ्या नवऱ्याने शोधायचं, त्याआधी ती बाई त्याला पुरती कळलेली असायला हवी, आणि चुकलं तर स्पॅनिश वाचकाला ती उगाच उद्धट किंवा उगाच थंड वाटणार.

कादंबरीकार दिवसभर दुसरं काय करतो? हेच करतो. माणसं एकमेकांच्या किती जवळ उभी आहेत ते ठरवतो. म्हणून भाषांतर कादंबरीकाराचा हात तयार ठेवतं आणि म्हणूनच त्याला दमवतंही. कारकुनी काम करून आलेला लेखक संध्याकाळी अंगाने थकलेला असतो, पण त्याची लिहिण्याची शक्ती शाबूत असते. भाषांतर करून उठलेल्याची नेमकी तीच शक्ती खर्च झालेली असते. वर्षाला दोन पुस्तकं असतील तर ती पुन्हा भरून येते. चार असतील तर येत नाही.

आता आकडे मांडून बघू. स्पेनमध्ये भाषांतराचं पान म्हणजे 2,100 अक्षरांचं 'प्लांतिया', तीस ओळी आणि ओळीला सत्तर अक्षरं, मोकळ्या जागा धरून. लाखभर शब्दांची इंग्रजी कादंबरी स्पॅनिशमध्ये अशी तीनशेच्या आसपास पानं भरते, कारण स्पॅनिश मजकूर इंग्रजीपेक्षा लांबतो. रोज सात पानं नेटाने केली आणि शनिवार-रविवार सोडले तर कच्च्या खर्ड्यालाच दोन महिने जातात. त्यावर स्वतःची एक-दोन वाचनं, संपादकाच्या शंका आणि प्रुफं. म्हणजे एका पुस्तकाचे तीन महिने. चार पुस्तकं म्हणजे पूर्ण वर्ष, एक दिवसही न उरता. हा हिशेब कागदावर मांडला की तिसरी कादंबरी साठ पानांवर का अडली हे विचारायची गरज उरत नाही. उलट, अशा वर्षांत साठ पानं झाली कशी याचं मला नवल वाटतं.

तुझ्या नवऱ्याच्या देशात या वाटेने गेलेला मोठा कादंबरीकार म्हणजे खाव्येर मारीआस. त्याला हे सगळं पाठ असेल, तरी तुझ्यासाठी सांगते. मारीआस माद्रिदचे, जन्म 1951. पहिली कादंबरी 1971 मध्ये, दुसरी 1973 मध्ये, म्हणजे बाविशीच्या आत दोन. पुढची दहा वर्षं बघ. 1978 चं एक मिश्र घाटाचं पुस्तक सोडलं तर पुढची कादंबरी थेट 1983 मध्ये आली. मधल्या काळात ते काय करत होते? थॉमस हार्डीच्या कथा, जोसेफ कॉनरॅडचं समुद्रावरचं लेखन, आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे लॉरेन्स स्टर्नची 'ट्रिस्ट्रम शँडी'. ही अठराव्या शतकातली नऊ खंडांची इंग्रजी कादंबरी. तिच्यात नायक जन्माला यायलाच कितीतरी पानं जातात आणि प्रत्येक वाक्य फाटा फोडून भलतीकडे निघून जातं. मारीआसांचं भाषांतर 1978 मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रीय भाषांतर पुरस्कार मिळाला. तेव्हा ते सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे होते. त्या दिवसांत त्यांच्या घरच्या कुणी "स्वतःचं कधी लिहिणार?" असं विचारलं असतं तर त्यांच्याकडे दाखवण्यासारखं फार काही नव्हतं.

पण 1986 नंतरच्या त्यांच्या कादंबऱ्या उघडून बघ. एकेक वाक्य पान-दीड पान चालतं, स्वतःला अडवतं, दुरुस्त करतं, आठवणीत शिरतं आणि परत येतं. माझ्या मते ही चाल स्टर्नच्या सहवासात घडली. लेखकासाठी भाषांतरासारखा दुसरा रियाज नाही, असं ते स्वतः मुलाखतींतून सांगत. स्टर्न स्वतः 'दोन किहोते' लिहिणाऱ्या सर्व्हांतेसचा भक्त होता, हे मला या गोष्टीत सगळ्यांत मोलाचं वाटतं. म्हणजे स्पॅनिश कादंबरीचं जे काही इंग्लंडात जाऊन रुजलं होतं ते दोनशे वर्षांनी एका माद्रिदच्या तरुणाने भाषांतराच्या वाटेने घरी आणलं. त्याने ते वाक्य-वाक्य हाताने उतरवलं नसतं तर नुसत्या वाचनाने ते त्याच्या अंगात मुरलं असतं, असं मला वाटत नाही.

आता सुराचं. प्रकरणात अमेरिकन लेखकाचा सूर ऐकू आला, असं तू म्हणतेस. आला असेलच. तुझा कान चुकला असं मी म्हणत नाही. तीन महिने रोज सहा-सात तास ज्याच्या वाक्यात राहायचं, त्याची लकब दुपारी चारनंतर आपल्या वहीत उतरतेच. मारीआसांनाही "याची स्पॅनिश इंग्रजाळलेली आहे, हा स्पेनचा लेखकच वाटत नाही" असं वर्षानुवर्षं ऐकावं लागलं, आणि तोच सूर पुढे त्यांची ओळख ठरला. अर्जेंटिनाचे लेखक-भाषांतरकार मार्सेलो कोएन 1975 मध्ये बार्सिलोनाला आले आणि 1996 मध्ये ब्युनोस आयरेसला परतले. स्पेनच्या प्रकाशकांना भाषांतरं स्पेनच्या बोलीत हवी असत, त्यामुळे जी सर्वनामं कोएन घरी कधी उच्चारत नव्हते त्यांत त्यांना दिवसभर लिहावं लागे. या ओढाताणीतून त्यांनी पुढे आपल्या कथा-कादंबऱ्यांसाठी बेटांचा एक काल्पनिक प्रदेशच उभा केला आणि त्या प्रदेशाला स्वतःची स्पॅनिश दिली. परका सूर लेखकात शिरतो तेव्हा तो कधी मुरतो, कधी निघून जातो, आणि त्यांतलं काय होणार हे पहिल्या खर्ड्यावरून घरच्या माणसाला सांगता येत नाही. लेखकालाही ते तिसऱ्या-चौथ्या हाताला कळतं.

यावर व्यवहारातला एक उपाय आहे, तो त्याला जरूर सुचव. स्वतःच्या कादंबरीजवळचं पुस्तक भाषांतराला घ्यायचं नाही. त्याची कादंबरी आजच्या शहरातली, प्रथमपुरुषी निवेदनातली असेल तर तशीच अमेरिकन कादंबरी त्याच महिन्यांत घेणं म्हणजे सूर मिसळणारच. त्याऐवजी जुनं, लांबचं काही मागावं. शतकापूर्वीचं पुस्तक, भुताखेतांच्या कथा, रहस्यकथा. मारीआसांनी स्टर्ननंतर सतराव्या शतकातल्या थॉमस ब्राऊनचं गद्य स्पॅनिशमध्ये आणलं. इतकं लांबचं गद्य शिकवतं खूप, पण वहीत चोरपावलांनी शिरत नाही, शिरलंच तर लगेच ओळखू येतं. नेहमीच्या प्रकाशकाकडे एवढी निवड करायचा हक्क इतक्या वर्षांच्या भाषांतरकाराला मिळायला हरकत नाही.

आता तुझ्या एका वर्षाच्या देणगीकडे येते. समज, तू सांगितलंस आणि तो हो म्हणाला. एक तारखेपासून तो रिकाम्या टेबलाशी बसला. तू सकाळी कामाला जातेस, संध्याकाळी येतेस. तू काही विचारणार नाहीस, मला माहीत आहे. पण तू विचारत नाहीयेस हेही त्याला ऐकू येईल. दर महिन्याला हप्ता तुझ्या खात्यातून जाईल आणि त्या महिन्यात वीसच पानं झाली असतील तर तो मनात भागाकार करेल. वर्ष संपताना कादंबरी झाली नसेल तर? कादंबऱ्या वर्षाच्या मुदतीत होत नसतात. शिवाय वर्षभर नाही म्हणणाऱ्या भाषांतरकाराला संपादक विसरतात. त्यांच्याकडे पुस्तकं ठरलेल्या तारखांना यायची असतात, त्यांना आज कुणीतरी हवं असतं. परत आल्यावर त्याला नवख्यासारखी दारं ठोठवावी लागतील. आणि एवढी वर्षं रोज सकाळी ज्या कामाने त्याचा हात चालू राहिला तेही नसेल.

अर्जेंटिनाचा कादंबरीकार हुलिओ कोर्तासार याने यातून जी वाट काढली ती तुम्हाला जमण्यासारखी आहे. तो इंग्रजी आणि फ्रेंचचा परवानाधारक भाषांतरकार होता. 1953 मध्ये पोर्तो रिको विद्यापीठाने त्याला एडगर अॅलन पोचं गद्य स्पॅनिशमध्ये आणायचं मोठं काम दिलं. त्या पैशांवर तो आणि त्याची बायको आउरोरा बेर्नार्देस इटलीला गेले आणि रोममध्ये राहून त्याने ते काम उपसलं. आउरोरा स्वतः उत्तम भाषांतरकार होती. पोचे ते खंड 1956 मध्ये निघाले आणि आजही स्पॅनिश वाचक पो वाचतात ते बहुतेक त्याच भाषांतरात. पुढे पॅरिसला दोघं युनेस्कोसाठी भाषांतरं करत, पण कायमची नोकरी न धरता कंत्राटावर. काही महिने काम, काही महिने स्वतःचे. 'रायुएला' ही त्याची कादंबरी 1963 मध्ये आली ती अशा तुकड्या-तुकड्यांनी मिळवलेल्या वेळातून. एकदम मोकळं वर्ष त्याला कुणी दिलं नव्हतं. दर वर्षी ठरलेले मोकळे महिने त्याने स्वतः कमावले होते, त्यामुळे त्यांचं ओझं नव्हतं.

तुमच्या घरात हे असं करता येईल: वर्षाला दोन पुस्तकं, म्हणजे सहा महिने, फार तर सात. उरलेले पाच महिने सलग, शक्यतो एकाच ऋतूत, आणि ते त्याच्या आधीच्या कमाईतून बाजूला काढलेले. तुझा पगार चार आणि दोन यांतली तूट भरून काढेल. म्हणजे तू मदत करशीलच, पण घरात तोही पैसे आणत असेल. हा फरक बाहेरून लहान दिसतो. माणसाच्या मानेला तो फार मोठा असतो.

पैशांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. त्याच्या जुन्या करारांची फाइल काढा आणि दोघांनी बसून वाचा. स्पेनच्या बौद्धिक संपदा कायद्यात भाषांतरकार हा लेखक मानला जातो. त्याला मिळणारी रक्कम बहुधा पुढच्या मानधनावरची उचल असते, आणि टक्केवारी लहान असली तरी प्रकाशकाने वर्षातून निदान एकदा हिशेब द्यायचाच असतो. प्रकाशनाचा करार जास्तीत जास्त पंधरा वर्षं चालतो. एकरकमी पैसे देऊन व्यवहार झाला असेल तर दहाच वर्षं. त्यानंतर भाषांतराचे हक्क त्याच्याकडे परत येतात, आणि पुस्तक पुन्हा काढायचं असेल तर नवा करार, नवे पैसे. त्याच्या पहिल्या भाषांतरांतली काही आता या मुदतीच्या आसपास असणार. खपणारी एक-दोन त्यात निघाली तर एक महिना मोकळा झालाच समज. ए. सी. ई. त्रादुक्तोरेस ही तिथली भाषांतरकारांची संघटना 1983 पासून काम करते आणि सभासदांना कायद्याचा सल्लाही देते. तो सभासद नसेल तर आधी तेवढं करू दे. फोटोकॉपीच्या हक्कांचे पैसे वाटणारी सेद्रो ही संस्थाही लेखकांसोबत भाषांतरकारांना धरते. भाषांतरकार मंडळी एकेकटी घरात बसून काम करतात, म्हणून या गोष्टी त्यांना वर्षानुवर्षं कळत नाहीत.

एकटेपणावरून आठवलं. सारागोसाहून तासाभरावर, मोन्कायो डोंगराच्या पायथ्याशी तारासोना आहे. बाराव्या शतकात तिथल्या बिशपच्या आश्रयाने अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये गेले. त्याच गावात 1988 पासून भाषांतरकारांच्या निवासाची परंपरा आहे, देशोदेशीचे लोक तिथे आपापलं पुस्तक घेऊन राहत आले आहेत. तिथल्या निवासाची चौकशी त्याला करायला सांग. दोन-तीन आठवडे त्याच कामातली माणसं जेवायच्या टेबलावर भेटली तर 2020 ची गोष्ट तो कदाचित तिथे बोलेल. घरी ती बोलणं त्याला जड जात असेल.

आता ते जेवणाच्या वेळचं वाक्य. ते तू मागे घ्यायला हवंस आणि स्पष्ट शब्दांत घ्यायला हवंस. "गमतीत म्हणाले", "थकले होते" असं करू नकोस. त्या वाक्याने तू त्याच्या दोन्ही कामांना एकदम नावं ठेवलीस. भाषांतराला तू दुसऱ्याचं काम म्हणालीस, आणि कादंबरी उपाशी आहे असंही, जे त्याला रोज दिसतंच आहे. तिसरं म्हणजे त्याने तुझ्या हातात कच्चं प्रकरण दिलं होतं आणि तू त्यावर निकाल दिला होतास. लेखक कच्चा खर्डा दाखवतो तेव्हा तो "कसं आहे?" असं विचारत असला तरी "चालू ठेवू ना?" एवढंच त्याला ऐकायचं असतं. तू मराठीत वाढलेली, स्पॅनिश नंतर शिकलेली, तरी त्याने ते पान तुला दिलं. कान तयार असल्याशिवाय कुणी असं देत नाही. म्हणूनच तुझं बोलणं इतकं लागलं.

मारीआसांच्या 1992 च्या 'कोरासोन तान ब्लांको' या कादंबरीत एक प्रसंग आहे. तुला स्पॅनिश येतं, मूळातच वाच. निवेदक दुभाषा आहे. स्पेनचा एक बडा नेता आणि ब्रिटनची एक बडी नेता समोरासमोर बसले आहेत, बोलायला दोघांकडे काही नाही. नेता विचारतो, तुमच्यासाठी चहा मागवू का? दुभाषा ते भाषांतर करतच नाही. तो तिला विचारतो, तुमच्या देशात लोकांचं तुमच्यावर प्रेम आहे का? आणि तिथून खरं संभाषण सुरू होतं. त्याच्या मागे नियमाप्रमाणे दुसरी दुभाषी बसली आहे, पहिल्याचं काही चुकलं तर दुरुस्त करायला. लुईसा तिचं नाव. तिला चूक कळते. ती चुळबुळते, पण गप्प राहते आणि त्याला पुढे जाऊ देते. पुढे त्यांचं लग्न होतं. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण त्यात तिचं गप्प राहणं हीच तिची मोठी कृती आहे. तिला सगळं ऐकू येतं आणि ती तरीही त्याला वेळ देते. तुझी खुर्ची सध्या तीच आहे. खर्डा पुरा होईपर्यंत सूर, लकब, अमेरिकन वास, काही काही बोलू नकोस. पुरा झाल्यावर तो विचारेल तेव्हा सगळं सांग, आणि तेव्हा काही राखून ठेवू नकोस. तेव्हा तुझा तो कान त्याला हवा असेल.

आईचं सोपं आहे. त्या वाचणाऱ्या असतील तर जी. एं.चं नाव त्यांना सांगावं लागणार नाही. जी. ए. कुलकर्णींनी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराची पुस्तकं मराठीत आणली; 'रान', 'शिवार', 'गाव' ही त्यांचीच. त्यामुळे जी. ए. कुणाला उणे वाटले नाहीत. जावईबापू तेच काम दुसऱ्या भाषेत करतात, एवढं त्यांना सांग. त्यांनी भाषांतर केलेलं एखादं पुस्तक पुढच्या खेपेला सांगलीला घेऊन जा आणि आतल्या पानावरचं त्याचं नाव दाखव. तिथल्या कायद्याने त्या स्पॅनिश मजकुराचा लेखक तोच आहे, हेही सांग. आई विचारायच्या थांबतील की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण तुला उत्तर देताना कचरायला होणार नाही.

सहाशे पानी कादंबरीचं तेवढं राहिलं. ती घेऊ नकोस, असं तू म्हणू नकोस, निर्णय त्याचा आहे. पण करार येण्याआधी, याच आठवड्यात, आधी ते वाक्य मागे घे आणि मग वर्षाचा कागद समोर ठेव. सहाशे इंग्रजी पानं म्हणजे स्पॅनिशमध्ये सहाशेहून अधिक प्लांतिया होऊ शकतात. हे एक पुस्तक दोन पुस्तकांएवढं आहे. ते घेतलं तर वर्षाचा कोटा त्यातच संपला, दुसरं काही घ्यायचं नाही, एवढं दोघांत ठरवा. आणि काम द्यायची तारीख त्याने स्वतः सुचवावी, सात महिन्यांपुढची. प्रकाशक तारखेवर घासाघीस करतात, पण ती सही व्हायच्या आधीच करता येते. सही झाल्यावर करता येत नाही.

तुझी,
ताई